बारावी खुर्ची

सकाळी साडेसहाला वासंतीबाई रणनवरे दूध तापत ठेवत. ते वर येईपर्यंत त्या खिडकीतून हेब्बाळच्या तळ्याकडे पाहत उभ्या राहत. तळ्याच्या कडेने उड्डाणपूल होता आणि त्यावर विमानतळाकडे जाणाऱ्या गाड्या एव्हाना तुंबलेल्या असत. दूध उतू जायच्या बेतात आले की गॅस बारीक करायचा, शास्त्र, म्हणजे बायबल, उघडून त्या दिवसाचा अध्याय वाचायचा, प्रार्थना करायची आणि मग दुधावरची साय काढून ठेवायची, हा क्रम त्या नगरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होत्या तेव्हापासूनचा. नवरा गेला, शहर बदलले, बेंगळुरूला मुलाच्या घरी येऊन चार वर्षे झाली, तरी साय आणि शास्त्र यांची वेळ चुकली नव्हती.

सातला चंपा स्वयंपाकाला येई. चपला दाराबाहेर, पिशवी खुंटीला, आणि मग स्वयंपाकघरातून चवड्यांवर चालत ती मागच्या बाल्कनीत जाई. तिथे वॉशिंग मशीनशेजारी एक नळ होता, नळाखाली एक मग, त्यात टाचा घासायची वजरी आणि दोरीवर खास याच कामासाठी ठेवलेले जुने फडके. नळ सुटल्याचा आवाज आला की वासंतीबाई आतून विचारत, "बोटांच्या मधलं राहत नाही ना?"

"धुतलो की अक्का," चंपा म्हणे. निपाणीकडच्या बायका स्वतःबद्दल अशाच बोलतात.

पाय धुतल्याशिवाय चंपाने ओट्याला हात लावायचा नाही, हा नियम वासंतीबाईंनी पहिल्या दिवशीच घालून दिला होता. तो जातीचा नव्हता, गरिबीचाही नव्हता. तो अंकुशकृमींचा होता, असे त्या मनापासून मानत. हे कृमी पायाच्या कातडीतून शरीरात कसे शिरतात ते त्यांनी वर्षानुवर्षे फळ्यावर आकृती काढून शिकवले होते. मुलगा राजस आणि सून भार्गवी ही दोघे बाहेरून आली की थेट फ्रिजपर्यंत जात. त्यांच्या पायांना मात्र अंकुशकृमींची बाधा होईल असे वासंतीबाईंना कधी वाटले नव्हते.

रविवारी या दोघी चर्चच्या एकाच मंडळीत उपासनेला बसत. वासंतीबाई दुसऱ्या बाकावर, चंपा आणि तिचा नवरा मल्लाप्पा अगदी शेवटच्या. मल्लाप्पा यशवंतपूरच्या घाऊक बाजारात हमाली करी आणि पाळकांचा संदेश सुरू झाला की शांतपणे झोपी जाई. पाळक दोघींना एकाच दमात भगिनी म्हणत. सोमवारी सकाळी सातला त्यांची पुन्हा अक्का आणि चंपा होत असे.

मंडळी लहान होती. पुणे, मुंबई, नागपूर इथून आयटीतल्या नोकऱ्यांसाठी आलेली कुटुंबे, आणि सीमाभागातून आलेली चंपासारखी काही घरे. एका जुन्या इंग्रजी चर्चचे सभागृह त्यांना दुपारनंतर वापरायला मिळे. कमिटीचे अध्यक्ष यशोवर्धन शेळके एका सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. ते इलेक्ट्रॉनिक सिटीहून येत आणि वाटेत किती वेळ लागला ते आल्याआल्या सांगत. ती साक्ष ऐकून झाल्याशिवाय पहिले गीत सुरू होत नसे.

या मंडळीचे वर्षातले सर्वांत मानाचे काम म्हणजे पवित्र गुरुवारचा पाय धुण्याचा विधी. अखेरच्या भोजनाच्या वेळी प्रभूने कमरेला रुमाल गुंडाळून आपल्या शिष्यांचे पाय धुतले, त्याची ही आठवण. वेदीसमोर बारा खुर्च्या मांडायच्या, त्यांवर बारा माणसे बसवायची आणि पाळकांनी गुडघे टेकून त्यांचे पाय धुवायचे. विधी नम्रतेचा होता. पण ज्याचे पाय धुतले जातात तो मोठा, हे मराठी माणसाला लग्नाच्या मांडवातच कळलेले असते. ख्रिस्ती होऊन पाच पिढ्या उलटलेल्या घरांनाही ते विसरता आले नव्हते. त्यामुळे पाय धुवून घेणाऱ्यांत आपण असावे म्हणून दरवर्षी महिनाभर आधीपासून रुसवेफुगवे चालत. पहिल्या खुर्चीवरून भांडणे होत. खुर्च्यांवर नावाची कार्डे लागत. घरून पाय स्वच्छ धुऊन यावे, ही सूचना मंडळीच्या मोबाइल ग्रुपवर दोनदा येई.

बाराव्या खुर्चीवर मात्र कोणी बसू मागत नसे. ती यहूदाची, प्रभूला दगा देणाऱ्या शिष्याची, असे एकदा कोणीतरी गमतीने म्हणाले होते. मागच्या वर्षी तिथे बसवलेले एक निवृत्त बँक अधिकारी पुढच्याच रविवारपासून तमिळ मंडळीत जाऊ लागले. त्यांना तमिळ येत नव्हते.

हे सगळे मिटावे म्हणून नवे पाळक अजिंक्य भिंगारदिवे यांनी यंदा एक तोड सुचवली. ते तरुण होते, वर्षभरासाठीच नेमलेले होते आणि त्यांचा शास्त्रावर भाबडा विश्वास होता. यहूदाच्या जागी बारावा प्रेषित निवडताना शिष्यांनी चिठ्ठ्या टाकल्या होत्या, तर आपणही टाकू, असे ते म्हणाले. यशोवर्धनना ही कल्पना पसंत पडली. त्यांनी तिला रँडम सॅम्पलिंग म्हटले. गुरुवारच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी मंडळीतल्या सगळ्यांची नावे अर्पणाच्या थैलीत पडली. अकरा नावे निघाली त्यांत यशोवर्धनही होते, खजिनदार अंजली थोरातही होत्या. बारावी चिठ्ठी चंपाची निघाली.

शेवटच्या बाकावर मल्लाप्पाने खडबडून जागे होऊन कन्नडमध्ये "सरी, सरी", म्हणजे बरं, बरं, म्हटले. सभागृहात टाळ्या वाजल्या. वासंतीबाईंनीही वाजवल्या, पण त्यांचे हात जरा उशिराच एकत्र आले. चार वर्षे त्या या खुर्च्यांकडे दुसऱ्या बाकावरून पाहत होत्या. यंदा आपल्याला बोलावतील असे कमिटीतल्या दोघांनी त्यांना जवळजवळ सांगितले होते, आणि फिकट जांभळी रेशमी साडी इस्त्री होऊन कपाटात टांगलेली होती.

सोमवारी कमिटीची व्हिडिओवर बैठक झाली. वासंतीबाई कमिटीवर होत्या.

"प्रोसेसबद्दल माझी काहीच तक्रार नाही," यशोवर्धन म्हणाले. "आउटपुटकडे एकदा बघावं लागेल."

"म्हणजे?" पाळकांनी विचारले.

"अहो, ती आपल्याच मंडळीतल्या तीन घरी स्वयंपाक करते. तुम्ही गुरुवारी तिचे पाय धुणार. उत्तम शुक्रवारची सुट्टी सोडा, पण शनिवारी या बायका तिला कोणत्या तोंडाने सांगणार की आमटी खारट झाली?"

"प्रभूने यहूदाचेसुद्धा पाय धुतले होते," पाळक पडेल आवाजात म्हणाले.

"तेव्हा लाइव्ह स्ट्रीम नव्हतं, पाळकसाहेब. आपलं अमेरिकेतून बघतात लोक."

"तिलाच ऑकवर्ड होईल हो," अंजली म्हणाल्या. "मी तिच्याच बाजूने बोलतेय."

यशोवर्धननी उपायही तयार ठेवला होता. चंपाने स्वतःहून नाव मागे घ्यावे. तिला ते वासंतीबाईंनी सांगावे, कारण त्या प्राध्यापक होत्या आणि त्यांना समजावून सांगण्याची सवय होती. तिच्या जागी मग वासंतीबाईंनीच बसावे. "म्हणजे खुर्ची घरातल्या घरातच राहिली. आणि मॅडम, ते यहूदाचं वगैरे मनावर घेऊ नका."

सगळे वासंतीबाईंच्या चौकोनाकडे पाहू लागले.

"बघते मी," वासंतीबाई म्हणाल्या. नाही म्हणण्याएवढा वेळ त्यांच्याकडे होता, हे त्यांना नंतर आठवले.

"पाण्याची बादली आणि टॉवेल धरायला कोण आहे?" पाळकांनी विचारले.

"ग्रुपवर टाकलं होतं. सगळ्यांनी जोडलेले हात पाठवले, नाव कोणीच दिलं नाही. म्हणून केटररला सांगितलंय, त्याचा एक माणूस येईल. व्हेंडरचं काम कसं, नीट होतं."

मंगळवारी वासंतीबाई बोलायचे ठरवूनच ओट्याशी उभ्या राहिल्या. चंपा कणीक मळत होती.

"अक्का, एक इचारू? परातीत दोन्ही पाय एकदम ठेवायचे का एकेक?"

"एकेक."

"उजवा आधी?"

"कोणताही चालतो."

"मल्लाप्पा म्हणतोय, तुझ्या टाचा बघून रेव्हरंड तांब्या टाकून पळत्यात." चंपा हसली. "त्याला जळतंय अक्का. आमच्या लग्नात, तवा आमी देवळातले होतो, माझ्या अप्पानं त्याचे पाय धुवायला तांब्या घेतला आणि तेवढ्यात पाणीच संपलं. एकच पाय भिजला. अजून बोलून दाखवतोय. आता माझे दोन्ही धुणार म्हटल्यावर कसं सोसंल? निपाणीहून माझा भाऊ येणार हाय फोटो काढायला."

"चंपा, ते गुरुवारचं जरा..."

"काय अक्का?"

"गर्दी असेल," वासंतीबाई म्हणाल्या. "लवकर निघ."

दुपारी यशोवर्धनचा निरोप आला: बोलणे झाले का? चालू आहे, असे वासंतीबाईंनी कळवले. यशोवर्धननी अंगठा पाठवला.

बुधवारी भार्गवीने त्यांना पार्लरमध्ये नेले. खुर्ची घरातल्या घरात राहणार हे तिच्यापर्यंत कधीच पोचले होते. "आई, क्लोज-अप असतो तो. हील्स दिसतात. मी बुकिंग केलंय, आता नाही म्हणू नका."

पार्लरमध्ये शेजारच्याच खुर्चीवर अंजली थोरात गरम पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या आणि पलीकडे आणखी एक ओळखीचा चेहरा होता. मंडळीच्या मानकऱ्यांच्या निम्म्या पायांची सोय त्या आठवड्यात याच दुकानात झाली असावी. ईशान्येकडची एक तरुणी बुटक्या स्टुलावर बसून वासंतीबाईंचा पाय हातात घेत होती. तिने पाणी फार गरम नाही ना, असे हिंदीत विचारले, टाच घासली, प्रत्येक बोट वेगळे करून मधली जागा पुसली. वासंतीबाईंना वरून तिचा सरळ भांग तेवढा दिसत होता. त्यांनी तिचे नाव विचारले. मुलीने मान वर न करता छातीवरच्या बिल्ल्याकडे बोट केले. तो वाचायला चष्मा लागला असता आणि चष्मा भार्गवीच्या पर्समध्ये होता.

योहानाच्या शुभवर्तमानातला तो अध्याय वासंतीबाईंना जवळजवळ पाठ होता. संडे स्कूलला शिकवताना त्या पेत्र या शिष्याचा संकोच इतका हुबेहूब करून दाखवत की मुले हसत. प्रभूने माझे पाय कधीही धुवायचे नाहीत, असे म्हणणारा पेत्र. मात्र प्रभूने नंतर वस्त्रे चढवून, पुन्हा आपल्या जागी बसून शिष्यांना जे सांगितले होते, की मी तुमचे धुतले तसे तुम्हीही एकमेकांचे धुवा, त्यापाशी तास संपत असे. मंडळीतही विधीनंतर लगेच कॉफी असे. इतकी वर्षे आपण हा अध्याय खुर्चीवर बसलेल्याच्या बाजूनेच वाचला, हे वासंतीबाईंना त्या कोमट, सुगंधी पाण्यात पाय असताना लक्षात आले, आणि पाय काढून घ्यावेसे वाटले. पण त्या हलल्या नाहीत. दुसऱ्या पायाची नखे अजून व्हायची होती.

"सांगितलंत ना तिला?" अंजलींनी विचारले.

"अजून नाही."

"सांगून टाका हो. जितका उशीर कराल तितकं तिलाच वाईट वाटेल."

गुरुवारी चंपा रोजच्या वेळेला आली. रात्री टाचांना व्हॅसलीन चोपडून त्यावर मल्लाप्पाचे मोजे घालून झोपल्याचे तिने आल्याआल्या सांगितले, आणि चवड्यांवर चालत बाल्कनीत गेली. नळ सुटला. वासंतीबाईंनी आतून काही विचारले नाही. त्या उठून बाल्कनीत गेल्या आणि नळाखालचा मग हातात घेतला.

"आण पाय. आज मी पाणी घालते."

चंपाने पाय मागे ओढला. "नको अक्का. पाप लागंल मला."

"संध्याकाळी पाळक धुणार. तेव्हा नाही लागणार?"

"ते देवाचं काम की. आणि तिथं भाऊ फोटो काढणार हाय." चंपाने त्यांच्या हातातला मग हलकेच काढून घेतला. "हितं कोण बघणार?"

वासंतीबाईंना हसू आले आणि मग ते आपोआप मावळले. कोणी बघावे एवढेच तर चंपाला हवे होते. तेच यशोवर्धनना हवे होते, अंजलीला हवे होते, स्वतः वासंतीबाईंना चार वर्षे हवे होते. आणि इथे या बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या आडोशाला, मगभर पाण्यात सगळे मिटवून टाकायचे आणि संध्याकाळची खुर्ची राखायची, असा बेत घेऊन आपण उठलो होतो, हेही त्यांना आता स्पष्ट दिसले.

"आज पोळ्या पुरेत, भात नको," त्या म्हणाल्या. "आणि साडेचारला इथेच ये. माझ्याबरोबर गाडीतून चल. बसने गेलीस तर पाय मळतील."

चंपा गेल्यावर त्यांनी कपाट उघडले. फिकट जांभळी साडी बाजूला सारली आणि धुऊन धुऊन मऊ झालेली एक सुती साडी काढली. गुडघ्यांना पट्टे बांधले. ग्रुपवर काही लिहिले नाही.

सभागृहात खुर्च्या मांडून झाल्या होत्या. बाराव्या खुर्चीवर 'प्रा. वासंती रणनवरे' असे छापील कार्ड होते. वासंतीबाईंनी ते उचलून पर्समध्ये टाकले आणि चंपाला तिथे बसवले. "सरळ बस. पदर सावर. चपला खुर्चीखाली." चंपाचा भाऊ मोबाइल सरसावून पहिल्या बाकाच्या टोकाला उभा राहिला. मल्लाप्पा आज जागा होता.

यशोवर्धन लगबगीने आले. हेब्बाळच्या पुलावर किती वेळ गेला ते सांगायचे त्यांच्या ओठांवर होते, पण ते तिथेच राहिले.

"मॅडम, हे काय? आपलं ठरलं होतं."

"तुमचं ठरलं होतं. मी बघते म्हणाले होते."

"मग?"

"मला नाही जमलं सांगायला. तुम्ही सांगा ना, ही बसली आहे." वासंतीबाईंनी छताजवळच्या कॅमेऱ्याकडे पाहिले. त्याचा लाल दिवा लागलेला होता. "अमेरिकेत दिसायला लागलं असेल एव्हाना."

यशोवर्धननीही दिव्याकडे पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू एक प्रसन्न हसू आले. त्यांनी चंपाला हात जोडून नमस्कार केला, आपल्या तिसऱ्या खुर्चीवर जाऊन बसले आणि मोजे काढू लागले.

केटररचा माणूस पांढरा सदरा आणि काळा बो लावून खांबाशी उभा होता. एका हातात बादली, दुसऱ्या हातावर टॉवेलांची चळत. हे नेमके कसले जेवण, असा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर होता. वासंतीबाई त्याच्याजवळ गेल्या आणि तोडक्यामोडक्या कन्नडमध्ये त्यांनी त्याच्याकडून टॉवेल मागून घेतले. मग बादलीही घेतली. तो हायसे वाटून बाहेर कॉफीकडे गेला.

पाळक परात घेऊन पहिल्या खुर्चीपाशी गुडघे टेकत होते. बादली शेजारी टेकली तेव्हा त्यांनी वर पाहिले. केटररच्या माणसाऐवजी वासंतीबाई दिसल्यावर त्यांनी परात जरा सरकवून शेजारी जागा केली. मग बादलीत तांब्या बुडवला.

पाळक पाणी घालत आणि मागोमाग वासंतीबाई पाय पुसत. प्रत्येक खुर्चीपाशी बसायला उजवा गुडघा आधी आणि उठायला खुर्चीच्या दांडीचा आधार, असे त्यांनी बसवून घेतले. पाय सगळे स्वच्छ होते. अंजलीच्या पायांना कालच्या पार्लरचा वास येत होता. त्यांनी डोळे मिटून घेतले होते, भक्तीने की कशाने ते कळत नव्हते. तिसऱ्या खुर्चीवर यशोवर्धननी पाय आखडता घेतला.

"मॅडम, राहू द्या. तुम्ही नको."

"पाय," वासंतीबाई म्हणाल्या, वर्गात उशिरा आलेल्या मुलाला म्हणाव्यात तशा. यशोवर्धननी पाय पुढे केला.

बाराव्या खुर्चीशी येईपर्यंत वासंतीबाईंना धाप लागली होती. चंपाने ठरवल्याप्रमाणे उजवा पाय आधी परातीत ठेवला. व्हॅसलीनमुळे पाण्याचे थेंब टाचेवरून घरंगळत होते. भेगा होत्या तशाच होत्या. पाळकांनी पाणी घातले, तळव्यावरून हात फिरवला आणि पाय बाजूच्या टॉवेलवर दिला. वासंतीबाईंनी तो मांडीवर घेतला. चार वर्षे रोज सकाळी त्यांनी या पायांची चौकशी केली होती, आणि चंपाच्या करंगळीचे नख अर्धेच आहे, हे त्या आज पहिल्यांदा पाहत होत्या. त्यांनी घोटा पुसला, टाच पुसली, तळवा पुसला आणि पाय खाली ठेवू लागल्या.

चंपा भावाच्या मोबाइलकडे बघत ताठ बसली होती. फोटोसाठी धरलेले हसू न ढळू देता ती किंचित वाकली आणि हळूच म्हणाली, "अक्का, बोटांच्या मधलं राहिलं."

वासंतीबाईंनी टॉवेलाचे कोरडे टोक शोधले, पाय पुन्हा मांडीवर घेतला आणि अंगठ्यापासून सुरुवात केली.